पाटी

आमच्या गावात पाटीच्या दगडाला तोटा नाही.
डोंगर पोखरून पिढ्यान् पिढ्या तेच काढलं;
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, थडगीसुद्धा.
म्हणून ग्वेनोने हिशेब मांडला
तो मागच्या दारी पडलेल्या कौलावर,
खडूने. मधोमध रेघ.
डावीकडे गाडी, उजवीकडे बाइक.

सतरा पुरी होऊन अकरा दिवस झाले होते.
पोर्थमाडॉगच्या बेकरीत हजेरी साडेपाचला,
आणि पहिली बस सात दहाला,
आली तर.

डावीकडे: जुनी लाल हॅचबॅक, अठराशे पौंड.
विमा एकवीसशे.
"बघ आई, गाडीपेक्षा गाडीची भीती महाग."
शिकवणीचे पंचेचाळीस तास, तासाला अडतीस:
सतराशे दहा. तोंडी केला गुणाकार,
मी मोबाइलवर पडताळला. बरोबर होता.
एकूण पाच हजार सहाशे दहा,
पेट्रोल अजून धरलेलंच नाही.

उजवीकडे: टेक्विनची एकशे पंचवीस सीसी,
अकराशे. (त्याचे गुडघे आता वाकत नाहीत.)
विमा पाचशे चाळीस.
एका दिवसाचं प्रशिक्षण, एकशे साठ,
की संध्याकाळी रस्ता मोकळा.
हेल्मेट, जाकीट, बूट, हातमोजे, तीनशे ऐंशी.
बेरीज दोन हजार एकशे ऐंशी.

मग दोन्हींची वजाबाकी,
तिला भागिले तिचा पगार, ताशी आठ पौंड.
"चारशे एकोणतीस तास कणीक मळायची, आई.
तेवढ्यासाठी फक्त दोन चाकं जास्त."

मी बँगोरच्या इस्पितळात प्लास्टर घालते आणि कापते.
उजवीकडच्या रकान्यातली माणसं
मला हाडांवरून ओळखू येतात:
नडगी, मनगट, खांद्यापाशी मोडलेली हासळी.
एकदा एक पोरगा बूट शोधत होता, पाय नाही.
हे कुठल्या घरात लिहायचं?
एकं, दहं, की शतकं?
मी खडू हातात घेतला आणि तसाच ठेवला.

तिला कळलं असावं. म्हणाली,
"डावीकडे तुलाही धरायला हवं.
गाडी शिकताना शेजारी कुणीतरी लागतं,
परवाना तीन वर्षं जुना असलेलं, जागं."
'जागं' कायद्यात नाही, ते तिने घातलं.
मी रात्रपाळीवरून येते तेव्हा
किटली चालू करून खुर्चीतच झोपते,
पाणी उकळून थंड होतं.
"तुझा तास कितीचा धरू?"

मला सांगता आला नाही.
"आणि बाइकवर?"
"शिकाऊ असेपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही.
बंदीच आहे."
म्हणजे तो खर्चच नाही, असं ती म्हणत होती.
म्हणजे तोच खर्च, असं मी ऐकत होते.

शेवटी मी एकच आकडा खोडला.
हातमोजे पंचवीसचे होते, नव्वद केले.
रस्त्यावर माणूस पडतं ते हातांवर, आधी.
तिने नवी बेरीज केली, कपाळाला आठी घालून:
"आठ तास गेले माझे."
"जाऊ देत," म्हटलं.

शनिवारी टेक्विनने बाइक ढकलत आणली.
इंग्लंडात शिकणाऱ्याला एल लावावा लागतो;
आमच्याकडे डी चालतो,
शिकणाऱ्याला वेल्शमध्ये जो शब्द, त्याचा डी,
पांढऱ्या पाटीवर लाल.
तिच्या हातात पक्कड, दातांत प्लॅस्टिकची पट्टी.
"धर ना जरा."
मी धरली.
"वाकडी आहे, आई. डावीकडे घे.
अजून थोडी. अजून.
हलवू नकोस आता."